ओसीनंतर बिल्डिंगचा इंजिनिअर कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेपरात धोकादायक इमारतींची यादी येते, ह्या वर्षीही आली. मी ती दरवर्षी नीट वाचते कारण त्यातल्या काही बिल्डिंगांमध्ये कामानिमित्त जाऊन आलेली असते. बिल्डिंगचं नाव, वॉर्ड, सी-वन (म्हणजे रिकामी करून पाडायची) की सी-टू-ए (म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची), किती कुटुंबं राहतात, सगळं त्यात असतं. पण ह्या बिल्डिंगकडे शेवटचं कुठल्या इंजिनिअरने बघितलं होतं आणि कधी, हे मात्र कुठल्याच यादीत मला आजवर दिसलं नाही. बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तर कोणीच नाही असंच येईल आणि तेच मला खटकतं म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बरीच वर्षं ठाणे, डोंबिवली, कल्याण ह्या पट्ट्यात जुन्या सोसायट्यांची रिपेअरची कामं बघते. बिल्डिंग बांधली जात असते तेव्हा तिच्याभोवती आर्किटेक्ट असतो, आरसीसी कन्सल्टंट (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन करणारा) असतो, साइट इंजिनिअर असतो, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळया मोजून बघणारं कोणीतरी असतं, काँक्रीटचे क्यूब लॅबला जातात, आणि ओसी, म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी, हातात पडली की ह्यातलं कोणीच उरत नाही. पुढची पन्नास वर्षं ती बिल्डिंग सेक्रेटरी, चेअरमन, खजिनदार आणि ओळखीचा एक प्लंबर ह्यांच्या भरवशावर. कमिटीवाल्यांना मी नावं ठेवत नाहीये, नोकरी सांभाळून, एक रुपया न घेता, वर लोकांची बोलणी खात ही माणसं काम करतात, पण बीमला गेलेली चीर नुसती प्लास्टरची आहे का आतल्या सळईमुळे आलीये हे बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला कसं कळणार? आणि कळावं अशी अपेक्षा तरी का ठेवायची? माझं म्हणणं साधं आहे, प्रत्येक सोसायटीला ओसीपासूनच स्वतःचा नेमलेला इंजिनिअर पाहिजे, पाच वर्षांतून एकदा येऊन सर्टिफिकेट देऊन जाणारा नको, ज्याच्याकडे त्या बिल्डिंगची फाइल आहे आणि जो वर्षातून दोनदा तरी गच्चीपासून मीटर रूमपर्यंत स्वतः फिरतो असा पाहिजे.

लोकांना वाटतं काँक्रीट म्हणजे दगड, त्याला काय होणार. पण आपल्या स्लॅबमध्ये, बीममध्ये ताण घेणारी असते ती सळई, आणि सळई लोखंडाची, लोखंडाला गंज चढतोच. चांगल्या काँक्रीटमध्ये तो चढत नाही कारण काँक्रीट अल्कलाइन असतं, त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात असतो आणि त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर धरून राहतो. मग वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, काँक्रीटची ती अल्कलाइन ताकद कमी होत जाते, त्यात मुंबई-ठाण्याची खारी दमट हवा, त्यात बाथरूमची गळती, आणि हे सगळं सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते, म्हणून आधी बारीक चीर, मग फुगवटा, मग एके दिवशी स्वयंपाकघरात पोपडा पडतो आणि त्याच्यासोबत काँक्रीटचा तुकडा. चीर दिसायला लागली म्हणजे सुरुवात झाली असं लोक समजतात, खरं तर आतली सुरुवात त्याच्या कितीतरी वर्षं आधी झालेली असते. आणि तीच वर्षं अशी असतात की इंजिनिअरने नुसतं बघून, चार ठिकाणी टेस्ट घेऊन, वेळेवर वॉटरप्रूफिंग करून घेतलं तर पुढचा लाखोंचा खर्च टळतो.

ती टेस्टसुद्धा काही फार मोठी नाही. काँक्रीटला छोटं भोक पाडायचं किंवा कोपरा तोडायचा, ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन मारायचं, चांगलं काँक्रीट लगेच गुलाबी होतं आणि कार्बोनेट झालेलं तसंच राखाडी राहतं. गुलाबी रंग कुठून सुरू होतो ते पट्टीने मोजायचं. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, पंचवीस मिलिमीटर आहे आणि राखाडी पट्टा वीसपर्यंत पोचलाय म्हणजे काय ते कमिटीतल्या कोणालाही समजावून सांगायची गरज पडत नाही, डोळ्यांनी दिसतं. मी हे करून दाखवते तेव्हा एरवी खर्चावरून भांडणारे मेंबरही पुढे येऊन फोटो काढतात.

डोंबिवलीतल्या एका तीस वर्षांच्या पुढच्या बिल्डिंगमध्ये एका ताईंनी बोलावलं होतं, तक्रार एवढीच की पीओपीवर पिवळा डाग येतो, दोनदा रंग काढला तरी परत येतो. घर अगदी टापटीप, नवीन फॉल्स सीलिंग, त्यात लाइट. त्यांची परवानगी घेऊन एक चौकोन उघडला तर वरच्या मजल्याच्या बाथरूमचा संकन (खाली उतरवलेला) स्लॅब, नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती काँक्रीट काळं ओलं, आणि सळया अशा की बोटाने दाबल्यावर पापुद्रे सुटत होते, मूळ दहा मिलिमीटरची सळई कॅलिपरने मोजली तर काही ठिकाणी सहासुद्धा भरत नव्हती. ताई खाली उभ्या राहून बघत होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, म्हणाल्या, मॅडम ह्याच्याखाली माझी सून बाळाला घेऊन झोपते. आम्ही त्याच संध्याकाळी टेकू लावले आणि खोली रिकामी केली. आता ह्यात दोष कोणाचा? वरच्या घरातल्या काकांना खाली गळतंय हे माहीत होतं, ते म्हणाले टाइल्समध्ये व्हाइट सिमेंट भरून घेतलंय. सोसायटी म्हणाली आतली गळती मेंबर-मेंबरमधली, आम्ही कशाला पडू. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, आतल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च मेंबरचा हे खरंय, पण तो स्लॅब काही एका मेंबरचा नाही, तो सगळ्या बिल्डिंगचा भार वाहणाऱ्या सांगाड्याचा भाग आहे, आणि ही गोष्ट त्या सोसायटीत ठामपणे सांगणारं तज्ज्ञ माणूसच नव्हतं. वर्षभर ते भांडण चिठ्ठ्यांवर चाललं होतं आणि वर पाणी झिरपतच होतं. सोसायटीचा नेमलेला इंजिनिअर असता तर पहिल्याच पिवळ्या डागाला त्याने वर जाऊन ट्रॅप उघडला असता, लेखी लिहून दिलं असतं, आणि ते लेखी असल्यावर काकांनाही टाळाटाळ करता आली नसती.

दुसरा त्रास रिनोव्हेशनचा, आणि हा तर मला गळतीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. नवीन मेंबर फ्लॅट घेतो, इंटिरियरवाला येतो, किचन आणि हॉल एक करायचाय, खिडकीचा छज्जा आत घ्यायचाय, कपाट भिंतीत बसत नाही कारण कॉलम पुढे येतोय, मग कॉलमचं प्लास्टर काढता काढता काँक्रीटही थोडं ठोकलं जातं, पाइप न्यायला बीममध्ये भोक पाडलं जातं. मजुराला सांगितलंय तो करणार, त्याच्यासाठी ती भिंतच. सोसायटी काय बघते तर डेब्रिज लिफ्टमधून नेऊ नका आणि दुपारी दोन ते चार आवाज करू नका. घाटकोपरची सिद्धी साई बिल्डिंग २५ जुलै २०१७ ला पडली, १७ माणसं गेली, तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत सांगाड्याला धक्का लावला गेला असा आरोप झाला, केस झाली. रहिवासी तक्रार करत होते असं तेव्हा बातम्यांतही आलं होतं. पण कॉलमला हात लागलाय का हे बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहील आणि काम थांबवा म्हणून सही करेल असा इंजिनिअर त्या रहिवाशांच्या बाजूने असता तर? मी तरी हा विचार केल्याशिवाय राहू शकत नाही. रिनोव्हेशनच्या अर्जासोबत नकाशा, आणि सोसायटीच्या इंजिनिअरची भेट, एकदा काम सुरू व्हायच्या आधी आणि एकदा तोडफोड झाल्यावर भिंती झाकायच्या आधी, त्याची फी त्या मेंबरने भरायची. लाखो रुपयांचं इंटिरियर करणाऱ्याला ही फी जड नाही.

आता कोणी म्हणेल कायदा आहे की, स्ट्रक्चरल ऑडिट कंपल्सरी आहे. आहे, मला माहीत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट. मुंबई महापालिकेच्या कायद्यात कलम ३५३-ब आहे, ३० वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्थिरतेचं सर्टिफिकेट द्यायचं, आणि बाकी महापालिकांच्या कायद्यात त्याच धर्तीवर २६५-अ आहे. पण होतं काय, नोटीस आली की कमिटी तीन कोटेशन मागवते, सगळ्यात कमीवाल्याला काम देते, तो एक मुलगा पाठवतो, तो काँक्रीटची ताकद बघायचा हॅमर घेऊन जिन्यात आणि पार्किंगमध्ये दहा-बारा ठिकाणी ठोकतो, घरांत शिरत नाही कारण अर्धी घरं बंद आणि उरलेल्या घरांतले लोक दार उघडायला तयार नाहीत, आणि पंधरा दिवसांनी जाडजूड स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट येतो. असा एक रिपोर्ट माझ्या हातात आला होता, तळमजला अधिक चार मजल्यांची बिल्डिंग आणि टेबलमध्ये सातव्या मजल्याच्या बीमची रीडिंग, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी बिल्डिंगचा रिपोर्ट नाव बदलून दिलेला. कमिटीतल्या एकानेही तो वाचला नव्हता, महापालिकेत जमा केला, पोच घेतली, फाइल बंद. एवढ्या कुटुंबांचा जीव ज्या कागदावर अवलंबून आहे तो कागद कोणी वाचतच नाही ह्याचं मला खूप वाईट वाटतं, आणि माझ्याच व्यवसायातला माणूस असा कागद देतो ह्याची जास्त चीड येते.

सही किती महाग पडू शकते हे १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळच्या हिमालय पुलाने दाखवलं. पुलाचं ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्ती करा, बाकी ठीक असा शेरा होता, संध्याकाळी गर्दीच्या वेळी स्लॅब खाली आला, सात माणसं गेली, ऑडिटरला अटक झाली. तो पूल होता, बिल्डिंग नव्हती, पण पद्धत तीच. त्याच्या आधी २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची बिल्डिंग पडली, ६१ जण गेले, ती तर महापालिकेच्याच मालकीची होती आणि आत महापालिकेचेच कर्मचारी कुटुंबासह राहत होते. ज्या संस्थेकडे इंजिनिअरांचे अख्खे विभाग आहेत तिच्या स्वतःच्या बिल्डिंगचं हे झालं. म्हणून मी म्हणते की नुसते इंजिनिअर असून भागत नाही, ह्या एका बिल्डिंगची जबाबदारी ह्या एका माणसाची, त्याचं नाव हे, फोन हा, असं स्पष्ट पाहिजे. सेक्रेटरी-चेअरमनची नावं एंट्रन्सच्या बोर्डावर असतात, त्याच बोर्डावर तिसरं नाव इंजिनिअरचं लावा.

आणि महाडचं काय सांगायचं. तारिक गार्डन, २४ ऑगस्ट २०२०, पाच मजली, १६ मृत्यू. त्या बिल्डिंगला १५ वर्षंसुद्धा झालेली नव्हती, म्हणजे आपल्या उपविधींच्या हिशोबाने तिचं पहिलं ऑडिटच अजून ड्यू झालं नव्हतं. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, नगरपालिकेचे अधिकारी, सगळ्यांवर गुन्हे दाखल झाले, पण पडल्यानंतर. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली, ती बेकायदा होती. बेकायदा बिल्डिंगांमध्ये तर ओसी नाही, नकाशे नाहीत, ऑडिटची नोटीस द्यायची तर महापालिकेलाही अडचण कारण तिची नोंदच धड नसते, आणि आत राहणारी माणसं पैसे मोजून घर घेतलेली साधी नोकरदार. त्यांच्यासाठी इंजिनिअर हा विषय सगळ्यात जास्त गरजेचा आणि त्यांच्यापर्यंतच तो पोचत नाही. दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) चाळी-इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने निदान दुरुस्ती मंडळ तरी आलं, आता ते म्हाडाकडे आहे, त्याच्या कामाबद्दल लोकांच्या तक्रारी असतील पण दार ठोठवायला एक ऑफिस आहे. वसई-विरार, दिवा, कल्याण, भिवंडीकडच्या लोकांना तेही नाही.

नवीन सोसायट्यांना मला खास सांगायचंय कारण त्यांच्या हातात अजून वेळ आहे. रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरमध्ये किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर तो कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. किती सोसायट्या ह्या पाच वर्षांत स्वतःचा इंजिनिअर लावून बिल्डिंग तपासून घेतात? माझ्या बघण्यात अगदी मोजक्या. पहिली दोन वर्षं सोसायटी रजिस्टर करण्यात आणि पार्किंगच्या वादात जातात, मग नव्याचं नवंपण असतं, गच्चीवर थोडी ओल दिसली तर पावसाळ्यात होतंच असं, आणि सहाव्या वर्षी गळती वाढली की बिल्डर शांतपणे सांगतो मुदत संपली. चौथं वर्ष लागलं की इंजिनिअर नेमा, प्रत्येक घर, डक्ट, पाण्याच्या टाक्या, बेसमेंट असेल तर बेसमेंट, एक्सपान्शन जॉइंट, सगळं फोटोसकट लिहून काढा आणि मुदतीच्या आत बिल्डरला रीतसर पत्र द्या. ह्या एका कामात इंजिनिअरची पुढच्या दहा वर्षांची फी वसूल होते.

आणि नकाशे घ्या हो! कायद्याने बिल्डरने कागदपत्रं, प्लॅन सोसायटीला द्यायचे असतात, पण सोसायट्या मागतात ते कन्व्हेयन्स आणि ओसी, आरसीसी ड्रॉइंग कोणाच्या लक्षातच येत नाही. कुठल्या कॉलममध्ये किती सळया, फाउंडेशन कसलं, स्लॅबची जाडी किती, कुठला बीम कुठे टेकतो, हे सगळं त्या शीटवर असतं. पंचवीस-तीस वर्षांनी माझ्यासारखी बाई तिथे जाते तेव्हा कन्सल्टंट वारलेला, बिल्डरचं ऑफिस बंद, महापालिकेच्या रेकॉर्डमध्ये आर्किटेक्चरल प्लॅन कसाबसा मिळतो पण आरसीसी नाही, मग आम्ही मशीन फिरवून, कव्हर फोडून सळया मोजायच्या आणि अंदाजावर डिझाइन तपासायचं. सोसायटीचा पैसा तिथे जातो.

रिपेअरच्या कामात इंजिनिअर काय करतो हा प्रश्न मला मिटिंगमध्ये नेहमी विचारतात, कॉन्ट्रॅक्टर आहे ना मग मॅडम कशाला. कॉन्ट्रॅक्टरने सैल काँक्रीट खरंच सळईच्या मागेपर्यंत काढलं का वरवर, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत केली का नुसतं रेड ऑक्साइड फासलं, जास्त झिजलेल्या सळईला जोडसळई दिली का, पॉलिमर मॉर्टरमध्ये पॉलिमर किती आणि पाणी किती, बाँड कोट ओला असताना मॉर्टर लागलं का वाळल्यावर, हे सगळं एकदा प्लास्टर झालं की कायमचं झाकलं जातं. म्हणून झाकायच्या आधी कोणीतरी परांचीवर उभं राहून बघायलाच पाहिजे आणि मोजमाप पण तेव्हाच घ्यायला पाहिजे, कारण बिल चौरस फुटावर असतं आणि बिलातला चौरस फूट भिंतीवरच्यापेक्षा मोठा निघाल्याचं मी अनेकदा पाहिलंय. कॉलम जॅकेटिंग (कॉलमभोवती नवीन सळया-काँक्रीटचा थर देणं) असेल तर आधी टेकू कुठे, किती, खालच्या मजल्यावरही दिलेत का, हा तर सरळ जिवाचा प्रश्न. रिपेअर चालू असतानाच बिल्डिंगचा भाग पडल्याच्या बातम्या आपणच छापता, त्या वाचताना माझा पहिला विचार टेकूंचा असतो.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला पाहिजे. आमच्यातल्या पुष्कळांची फी रिपेअरच्या रकमेवर टक्केवारीने ठरते, म्हणजे काम जितकं मोठं तितकी फी मोठी. ही पद्धत मला पटत नाही. कुठे कुठे तर कॉन्ट्रॅक्टरच म्हणतो ऑडिट फुकट करून देतो, तो कोणाचं ऐकणार हे सांगायला नको. त्यात आता रिडेव्हलपमेंट आलंय. ज्यांना रिडेव्हलपमेंट हवं ते सी-वन लिहून देणारा इंजिनिअर शोधतात, ज्यांना नको ते बिल्डिंग ठणठणीत म्हणणारा शोधतात, एकाच बिल्डिंगचे दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध, मग मुंबईत ते तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं आणि तोवर लोक त्याच घरात. म्हाताऱ्या भाडेकरूंना तर ऑडिट शब्दाचीच भीती, त्यांना वाटतं इंजिनिअर आला म्हणजे आता ३५४ ची, म्हणजे धोकादायक घर रिकामं करा अशी, नोटीस येणार आणि आपण रस्त्यावर. त्यांची भीती खोटी नाही, तसं झालेलं त्यांनी बघितलंय. पण इंजिनिअर फक्त शेवटीच येतो म्हणून तो घर रिकामं करायला लावणारा माणूस वाटतो, दरवर्षी येऊन गच्चीतल्या पाण्याच्या पाइपचं तोंड साफ करा, ही चीर आत्ताच भरून घ्या, हे पिंपळाचं रोप मुळासकट काढा असं सांगणारा असेल तर लोक त्याला आतल्या खोल्याही दाखवतील. फी ठरावीक वार्षिक ठेवा, नेमणूक जनरल बॉडीने करा, आणि जो ऑडिट करतो त्याने त्या रिपेअरचं कॉन्ट्रॅक्ट घ्यायचं नाही आणि त्या रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरकडून काही घ्यायचं नाही असं लिहून घ्या.

पैशांचं म्हणाल तर उपविधींत त्याचीही सोय आहे. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी ०.२५ टक्के आणि रिपेअर फंड कमीत कमी ०.७५ टक्के. फ्लॅटचा बांधकाम खर्च १० लाख धरला, जमिनीची किंमत सोडून, तर वर्षाला २५०० अधिक ७५००, म्हणजे १० हजार, महिन्याला साधारण ८३० रुपये. पन्नास घरांच्या सोसायटीत वर्षाला ५ लाख जमतात. पण मेन्टेनन्स कमी ठेवला म्हणून निवडून येणाऱ्या कमिट्या हे आकडे नावापुरते लावतात आणि मग तिसाव्या वर्षी प्रत्येकी दोन-तीन लाख काढा म्हटलं की पेन्शनवरच्या माणसाने काय करायचं? आणि पैसे निघालेच तर आधी रंग. आतली ओल तशीच ठेवून बाहेरून महागडा रंग मारलेल्या बिल्डिंगा बघून मला अक्षरशः त्रास होतो, कारण त्या रंगाखाली दोन वर्षं काही दिसणार नाही आणि तीच दोन वर्षं वाया जातील.

फायरचं थोडक्यात, कारण तिथे निदान यंत्रणा आहे. फायरसाठी २००६ चा राज्याचा कायदा आहे, दर जानेवारी आणि जुलैला लायसन्स एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, द्यायचा. तिथेही कागद येतो आणि पंपाला पाणी येत नाही असं होतं, म्हणून नेमलेल्या इंजिनिअरने त्या दिवशी हजर राहून सगळ्यात वरच्या मजल्याचा होज उघडून बघावा, एवढंच.

सरकारकडून मला दोन गोष्टी पाहिजेत. पहिली, ऑडिट १५ व्या वर्षी सुरू न करता पाचव्या वर्षाच्या आत पहिलं, आणि त्याचा रिपोर्ट महापालिकेच्या साइटवर सगळ्यांना वाचता येईल असा, म्हणजे दुसऱ्याच बिल्डिंगची रीडिंग घालणारा पकडला जाईल. दुसरी, इंजिनिअरच्या जबाबदारीचा धड कायदा. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, गैरवर्तन केलं तर नाव काढता येतं, आम्हा इंजिनिअरांसाठी देशपातळीवर असं काही नाही, महापालिकेपुरतं लायसन्स असतं, एका शहरात ब्लॅकलिस्ट झालेला माणूस शेजारच्या शहरात काम करू शकतो. माझ्या व्यवसायातल्या तरुण मुलामुलींनाही सांगते, नवीन टॉवरच्या साइटवर जायला सगळ्यांनाच आवडतं, पण आपल्याकडे आता जितकं नवीन बांधतोय त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त बांधून झालेलं आहे आणि त्यात माणसं राहतायत. ह्या कामात डोकं जास्त लागतं कारण ड्रॉइंग हातात नसतं. या क्षेत्रात या, माणसं कमी आहेत.

संपादक साहेब, आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या वर्षी धोकादायक इमारतींची यादी छापाल तेव्हा महापालिकेला विचारून प्रत्येक नावापुढे शेवटच्या ऑडिटची तारीख आणि इंजिनिअरचं नाव छापा, ऑडिट झालंच नसेल तर तसं लिहा. आणि वाचकांनो, तुमच्या सोसायटीची एजीएम कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे, अजेंडा निघायच्या आधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, विषय एका ओळीचा, सोसायटीसाठी वार्षिक फीवर स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमणे. महापालिकेच्या पॅनेलवरची नावं वॉर्ड ऑफिसात मागा, दोघा-तिघांना बोलवा, कोटेशन बघायच्या आधी त्यांना बिल्डिंगमध्ये फिरवा आणि कोण गच्चीवर गेला, कोणी डक्टमध्ये टॉर्च मारला, कोणी जुने रिपोर्ट मागितले ते बघून ठरवा.

कळावे,
आपली नम्र,
एक सिव्हिल इंजिनिअर, डोंबिवली